बुद्धिबळाची पहिली जगज्जेती : व्हेरा मेंचिक

प्रतिवर्षी स्मरणिकेचे काम निघाले, की संपादक मंडळ ‘गुरुजी, इतिहासावर काही लिहा’ अशी आम्हांस आज्ञा करते, आणि आम्हीही यथाशक्ती ती पाळीत आलो आहोत. आजवर गडकोटांवर लिहून झाले, बखरींवर लिहून झाले, जुन्या पंतोजींच्या शाळांवरही लिहून झाले. यंदा मात्र वाचकांस थोडे दूरदेशी नेण्याचा आमचा मानस आहे. विषय बुद्धिबळाचा आहे आणि चरित्रनायिका परकीय आहे. तथापि तिचे नाव आता आपल्या देशाच्या एका मोठ्या यशाशी जोडले गेले असून, ती कोण हे मात्र पुष्कळांस ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड भरले होते. त्यात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी प्रथमच सुवर्णपदक पटकाविले. महिला संघात हरिका द्रोणावल्ली, वैशाली रमेशबाबू, आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव या पाचजणी होत्या, आणि त्यांचे कर्णधारपद पुण्याचे अभिजित कुंटे यांच्याकडे होते. या विजयाचे वृत्त आम्ही घरी मोठ्याने वाचीत असता, विजेत्या महिला संघास ‘व्हेरा मेंचिक करंडक’ देतात, हा उल्लेख आला. आमची नात शेजारीच अभ्यास करीत होती. तिने मान वर करून विचारले, “आजोबा, ही व्हेरा मेंचिक कोण?”

आम्ही त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले. परंतु त्या प्रश्नाने आमच्या मनातील एक जुनी गोष्ट जागी केली. ती लेखाच्या शेवटी सांगू. आधी नातीच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देतो.

बालपण व देशांतर

व्हेराचा जन्म १६ फेब्रुवारी १९०६ रोजी मॉस्को येथे झाला. तिचे वडील फ्रांटिशेक मेंचिक हे मूळचे बोहेमियाचे, म्हणजे आज ज्यास चेक प्रजासत्ताक म्हणतात त्या मुलखातले. आई ओल्गा ही इंग्रज. वडील रशियात बड्या लोकांच्या मिळकतींची व्यवस्था पाहत आणि आई तशाच एका घरी मुलांना शिकवीत असे. पुढे वडिलांची स्वतःची गिरणीही झाली. घरात दोन मुली, थोरली व्हेरा आणि धाकटी ओल्गा. व्हेरा नऊ वर्षांची असता वडिलांनी तिला एक पट आणून दिला व मोहऱ्यांच्या चाली शिकविल्या.

१९१७ साली रशियात क्रांती झाली. गिरणी गेली, राहते घरही इतरांबरोबर वाटून घेण्याची वेळ आली. अखेर १९२१ साली कुटुंबाने देश सोडला. आईबाप तेथेच एकमेकांपासून दुरावले. वडील आपल्या मायदेशी गेले, आणि आई दोन्ही मुलींना घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी आपल्या आईच्या आश्रयास आली.

पंधरा वर्षांची मुलगी, नवा देश, आणि इंग्रजी भाषा नीट येत नाही, अशी व्हेराची तेव्हाची अवस्था होती. आम्ही अनेक वर्षे वर्गात उभे राहिलो आहोत. भाषा न येणारे मूल वर्गात कसे मुके होऊन बसते आणि लोक त्यास मंद कसे समजतात, हे आम्ही पाहिले आहे. व्हेराच्या सुदैवाने तिला जो खेळ येत होता त्यास बोलावे लागत नाही. हेस्टिंग्ज हे गाव नाताळच्या सुमारास भरणाऱ्या बुद्धिबळ स्पर्धेसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील मंडळ फार जुने. १९२३ साली व्हेरा त्या मंडळाची सभासद झाली. प्रथम ड्र्युइट नावाच्या खेळाडूने आणि नंतर हंगेरीचे सुप्रसिद्ध गेझा मारोत्सी यांनी तिला शिकविले. पुढे तिच्या खेळात जो सावधपणा, जी मोहऱ्यांची बंदिस्त मांडणी आणि डावाच्या अखेरीस जी चिकाटी दिसून येई, ती या गुरूची देणगी मानतात.

अजिंक्यपद

ब्रिटिश नागरिकत्व नसल्यामुळे ब्रिटिश महिलांच्या अजिंक्यपदासाठी खेळण्याचा अधिकार व्हेरास नव्हता. परंतु १९२५ साली ज्यांच्याकडे ते पद अलीकडेच होते त्या एडिथ प्राइस यांच्याशी तिचे दोन सामने झाले, आणि ते दोन्ही तिने जिंकले. १९२६ साली मुलींची खुली स्पर्धा प्रथमच सुरू झाली, तीतही तीच पहिली आली.

१९२७ साली लंडन येथे पहिले अधिकृत ऑलिंपियाड भरले. त्याच वेळी महिलांची जागतिक अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा घेण्यात आली. एकवीस वर्षांच्या व्हेराने ११ डावांपैकी १० जिंकले व एक बरोबरीत सोडविला. येथून पुढे आम्ही तिला व्हेराबाई म्हणू, कारण यानंतर तिला तुल्यबळ अशी दुसरी स्त्री तिच्या हयातीत झाली नाही.

१९३० साली हँबर्ग, १९३१ साली प्राग, १९३३ साली फोकस्टन, १९३५ साली वॉर्सा, १९३७ साली स्टॉकहोम आणि १९३९ साली ब्वेनोस आइरेस अशा सहा ठिकाणी पुन्हा स्पर्धा झाल्या आणि सहाही वेळा अजिंक्यपद व्हेराबाईंकडेच राहिले. प्राग येथे ८ पैकी ८, फोकस्टनला १४ पैकी १४, वॉर्सा येथे ९ पैकी ९, स्टॉकहोमला १४ पैकी १४ असे त्यांचे गुण आहेत. सातही स्पर्धांची बेरीज केली तर एकूण ८३ डाव होतात. त्यांपैकी ७८ जिंकले, ४ बरोबरीत सुटले आणि १ हरला. असा हिशेब आम्ही तरी दुसऱ्या कोणत्या खेळात पाहिलेला नाही.

या काळात त्यांना काहीसा सामना दिला तो म्युनिकच्या सोन्या ग्राफ यांनी. १९३७ साली सेमरिंग येथे या दोघींत अजिंक्यपदासाठी १६ डावांचा सामना झाला. तो व्हेराबाईंनी ११॥ विरुद्ध ४॥ अशा गुणांनी जिंकला.

पुरुषांच्या पंक्तीस

आतापर्यंत सांगितलेले वृत्त ऐकून कोणी म्हणेल, की स्त्रियांत पहिली येणारी बाई एवढेच हे चरित्र आहे. वस्तुतः व्हेराबाईंच्या कीर्तीचे खरे कारण दुसरेच आहे. महिलांच्या स्पर्धा दोन वर्षांतून एखादी होत असे. उरलेला सर्व काळ त्या पुरुषांच्या स्पर्धांत खेळत, आणि तेथेच त्यांचा लौकिक वाढला.

१९२९ साली रॅम्सगेट येथे सात इंग्रज खेळाडूंविरुद्ध सात परदेशीय अशी एक स्पर्धा झाली. त्यात माजी जगज्जेते कापाब्लांका यांस ५॥ गुण मिळाले. त्यांच्या मागोमाग ५ गुणांवर दोन खेळाडू होते, एक पोलंडचे थोर रुबिनस्टाइन आणि दुसऱ्या व्हेराबाई. त्या एकही डाव हरल्या नाहीत. त्यांचे गुरू मारोत्सी हेही त्याच संघात होते, आणि ते शिष्येच्या मागे राहिले. शिष्यादिच्छेत् पराजयम् असे आपल्याकडे म्हणतात, त्याचे हे उदाहरण होय.

त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातील कार्ल्सबाद येथे २२ खेळाडूंची मोठी स्पर्धा भरली. तीत एका बाईस बोलाविलेले काही मंडळींना रुचले नाही. व्हिएन्नाचे आल्बर्ट बेकर हे त्यांपैकी एक. त्यांनी थट्टेने असे सुचविले म्हणतात, की जो कोणी या बाईकडून हरेल त्याने ‘व्हेरा मेंचिक मंडळा’चा सभासद व्हावे! सगळे हसले. पुढे व्हेराबाईंची बेकर यांच्याशी गाठ पडली, त्यात बेकर हरले, आणि त्या मंडळाचे पहिले सभासदत्व अनायासे त्यांच्याच पदरी आले.

ही गोष्ट सर्व युरोपभर पसरली, आणि थट्टेत निघालेले मंडळ पुढील दहा वर्षांत खरोखरीच भरभराटीस आले. इंग्लंडचे सर जॉर्ज टॉमस, यीट्स, विंटर, अलेक्झांडर व गोलोंबेक, जर्मनीचे झेमिश, बेल्जियमचे कोल, हंगेरीचे लायोश स्टाइनर, अमेरिकेचे रेशेव्हस्की अशी मोठमोठी नावे त्यात आहेत. हॉलंडचे मॅक्स युवे हे १९३०-३१ आणि १९३१-३२ अशा लागोपाठ दोन वर्षी हेस्टिंग्ज येथे व्हेराबाईंकडून हरले. पुढे १९३५ साली हेच युवे अलेखिन यांचा पराभव करून जगज्जेते झाले! त्यांना या मंडळाचे अध्यक्ष म्हणण्याचा विनोदी प्रघात होता. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या मंडळात आपल्या देशाचाही एक सभासद आहे. पंजाबातील मिठा टिवाणा गावचे मीर सुलतान खान हे सर उमर हयात खान यांच्या पदरी चाकरीस होते. देशी पद्धतीने, म्हणजे प्यादे एकेकच घर चालवीत, ते बुद्धिबळ शिकले. मालकाबरोबर विलायतेस जाऊन तेथील नियम त्यांनी आत्मसात केले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी साक्षात् कापाब्लांका यांस हरविले. पुढच्याच वर्षी, त्याच गावी, व्हेराबाईंनी सुलतान खान यांस हरविले.

या सर्वांमुळे व्हेराबाई लोकप्रिय झाल्या. त्या खेळावयास बसल्या, की त्यांच्या पटाभोवती प्रेक्षकांची दाटी होई. वृत्तपत्रे त्यांच्याविषयी लिहीत, मंडळे त्यांना एकाच वेळी अनेकांशी खेळून दाखविण्यास बोलावीत. शिकवण्या, व्याख्याने आणि असे प्रदर्शनीय खेळ यांवरच त्यांचा चरितार्थ चाले. स्वभावाने त्या शांत व प्रसन्न होत्या. ज्या मंडळाने त्यांच्या नावाची थट्टा केली, त्याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही.

पराजयांचा हिशेब

परंतु इतिहास लिहिणाराने जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. ज्या कार्ल्सबादच्या स्पर्धेतील बेकरची गोष्ट लोक हौसेने सांगतात, त्या स्पर्धेत व्हेराबाई शेवटच्या आल्या. २१ डावांपैकी त्यांनी २ जिंकले, २ बरोबरीत सोडविले आणि १७ हरले. १९३५ साली मॉस्कोच्या मोठ्या स्पर्धेत तर याहून वाईट झाले. चौदा वर्षांपूर्वी निराधार होऊन जे गाव सोडले, त्या जन्मगावी त्या जगज्जेत्या म्हणून परतल्या, आणि तेथे १९ डावांत त्यांच्या वाट्यास अवघा दीड गुण आला. कापाब्लांका व अलेखिन या दोघांस तर त्या कधीच हरवू शकल्या नाहीत.

त्यांच्या चाहत्यांनी ही बाजू झाकण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे. उलट त्यांची योग्यता येथेच दिसते. स्त्रियांच्या स्पर्धांत ज्यांना कोणी हरवू शकत नव्हते, त्यांना तेवढ्यावरच थांबता आले असते. अजिंक्यपद घरी होते, मान होता, कीर्ती होती. असे असता सतरा डाव हरण्यासाठी कार्ल्सबादला कोण जाईल? व्हेराबाई गेल्या, आणि पुन्हा पुन्हा गेल्या. १९३४ साली मारिबोर येथे त्याच बाई पिर्त्स व स्टाइनर यांच्या खालोखाल तिसऱ्या आल्या, आणि प्रख्यात श्पीलमान त्यांच्या मागे राहिले. कार्ल्सबादचे सतरा पराजय पचविले नसते, तर मारिबोरचे यश कोठून आले असते?

त्या काळी व्हेराबाईंची स्तुती करावयाची तर ‘ही पुरुषासारखी खेळते’ असे म्हणत. बोलणाराचा हेतू चांगला असे, पण त्यात एक चूक आहे. इतर स्त्रियांपेक्षा त्या इतक्या पुढे का होत्या याचे कारण शोधावयास बुद्धीची घडण तपासण्याची आवश्यकता नाही, त्यांचा सराव पाहिला तरी पुरे. बाकीच्या स्त्रिया आपसांत, वर्षातून थोडे डाव खेळत. व्हेराबाई वर्षभर जगातील उत्तमोत्तम खेळाडूंसमोर बसत. त्यांच्या खालोखाल असलेल्या सोन्या ग्राफ यांनीही थोर टाराश यांच्यापाशी शिक्षण घेतले होते आणि त्याही पुरुषांत खेळत असत. गुडघाभर पाण्यात पोहणारास खोल पाण्याचा दम येत नाही, हे आपल्याकडे नदीकाठचे कोणतेही पोर सांगेल.

महायुद्ध आणि अंत

१९३७ साली व्हेराबाईंचा विवाह बुद्धिबळाच्या क्षेत्रातीलच स्टीव्हन्सन नावाच्या गृहस्थांशी झाला. ते वयाने त्यांच्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठे होते. या विवाहाने त्या ब्रिटिश नागरिक झाल्या, आणि १९३९ साली ब्वेनोस आइरेस येथे प्रथमच इंग्लंडच्या वतीने अजिंक्यपदासाठी खेळल्या. ती स्पर्धा चालू असतानाच युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. इंग्लंडचा पुरुष संघ ऑलिंपियाड अर्धवट सोडून मायदेशी परतला. व्हेराबाई मात्र राहिल्या, १९ डावांत १८ गुण मिळवून त्यांनी अजिंक्यपद राखले, आणि मग त्या युद्धाच्या छायेतील लंडनला परत आल्या.

लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका मोठ्या दुकानात राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्र उघडले होते, त्याची व्यवस्था त्यांच्याकडे सोपविण्यात आली. १९४० साली बॉम्बवर्षावात ते केंद्र नष्ट झाले. १९४२ साली वृद्ध जर्मन खेळाडू मिझेस यांच्याशी त्यांनी १० डावांचा सामना खेळून तो ६॥ विरुद्ध ३॥ असा जिंकला. १९४३ साली पतीचे निधन झाले. त्यानंतर त्या आई व बहीण यांसह दक्षिण लंडनमधील क्लॅपम येथे राहत असत.

१९४४ च्या जून महिन्यात जर्मनांनी चालकावाचून उडत येणारे बॉम्ब लंडनवर टाकण्यास आरंभ केला. त्यांपैकी एक २६ जूनच्या रात्री क्लॅपमच्या त्या घरावर पडला. तिघी मायलेकी घराच्या तळघरात होत्या, तेथेच त्या गेल्या. त्यांची पदके, करंडक व खेळलेल्या डावांच्या नोंदीही त्याच ढिगाऱ्यात नाहीशा झाल्या. बागेतील आसरा मात्र शाबूत राहिला होता. व्हेराबाईंचे वय तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते, आणि जगज्जेतेपद मरणसमयीही त्यांच्याचकडे होते. ते रिकामे झालेले पद भरण्यासाठी १९४९-५० साली मॉस्को येथे स्पर्धा घ्यावी लागली.

१९५७ साली महिलांचे पहिले ऑलिंपियाड हॉलंडमधील एमेन येथे झाले, तेव्हापासून विजेत्या संघाच्या करंडकास व्हेराबाईंचे नाव आहे. २०११ साली बुद्धिबळाच्या जागतिक सन्मानमंदिरात त्यांचा समावेश झाला. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

दोन हिंदी मुली

आता ज्यासाठी एवढे दूर गेलो, तिकडे वळू.

वर ज्या सर उमर हयात खान यांचा उल्लेख आला, त्यांच्याच घरी सुलतान खान यांच्याप्रमाणे फातिमा नावाची एक तरुणी चाकरीस होती. तीही बुद्धिबळ खेळे. १९३३ साली हेस्टिंग्ज येथेच झालेल्या स्पर्धेत तिने ब्रिटिश महिलांचे अजिंक्यपद जिंकले. एका हिंदी मुलीने, तीही चाकरीतल्या, इंग्लंडच्या स्त्रियांस त्यांच्याच भूमीवर हरवावे ही केवढी गोष्ट! त्याच वर्षाच्या अखेरीस मालक हिंदुस्थानात परतले, त्यांच्याबरोबर फातिमाही परतली, आणि तिचा खेळ तेथेच संपला. व्हेराबाई मंडळात जाऊ शकल्या, गुरू करू शकल्या, आपल्या खेळावर जगू शकल्या. फातिमास जाण्यासाठी तसे ठिकाण नव्हते. बुद्धी होती, पट होता, पण पुढचा डाव कोणी मांडला नाही.

दुसरी मुलगी आपल्या मुंबईची. ‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्यांनी बुद्धिबळात जे नाव मिळविले ते जुन्या वाचकांस स्मरत असेल. १९७४ साली राष्ट्रीय महिला अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा झाली, ती वासंतीताईंनी जिंकली. १९७६ साली रोहिणी ही तेरा वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावरून मोठे वादंग माजले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांस मज्जाव करता येणार नाही. हे अध्यक्ष कोण होते? हॉलंडचे मॅक्स युवे! पंचेचाळीस वर्षांपूर्वी हेस्टिंग्जला ज्यांनी व्हेराबाईंसमोर दोनदा हार पत्करली, तेच हे गृहस्थ. त्यांच्या मनात त्या वेळी काय आले असेल ते आपण कसे सांगणार? परंतु स्त्रीने पुरुषांच्या पंक्तीस बसावे की नाही, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून सोडवावा लागला नव्हता, एवढे खास.

पुढे १९८१ साली रोहिणीताई आशियाच्या विजेत्या झाल्या. २००२ साली हंगेरीच्या ज्युडिट पोल्गार यांनी कास्पारोव्ह यांस हरविले. आणि २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी यांच्यावर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला व त्याबरोबरच ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. तेव्हा तिचे वय १९ वर्षांचे होते.

आमची एक चूक

वाचकहो, आता ती जुनी गोष्ट. १९८८ च्या सुमारास आम्ही एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवीत होतो. मधल्या सुटीत मुलांना बुद्धिबळ शिकविण्याची आम्हांस हौस होती. सातवीच्या वर्गातील एक मुलगी खिडकीबाहेर उभी राहून आमचे शिकविणे ऐके. एके दिवशी तिला आत बोलाविले. दिवाळीपर्यंत तिने वर्गातील सर्व मुलांस हरविले, आणि संक्रांतीच्या आत आम्हांसही. तिचा घोडा कोठून येई ते कळत नसे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी शालेय स्पर्धा होती. एस.टी.चा लांबचा प्रवास, एक रात्र मुक्काम, आणि बरोबर येण्यास शिक्षिका नाही. कोणी आम्हांस मनाई केली नव्हती. आम्हीच मनाशी ठरविले, की हे लचांड नको, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलास घेऊन गेलो. तो पहिल्याच फेरीत हरला. मुलीला आम्ही सांगितले, “पुढच्या वर्षी पाहू हं.” ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती मधल्या सुटीत वर्गात आली नाही, आणि आम्हीही बोलाविले नाही.

काही वर्षांपूर्वी एका लग्नसमारंभात एक प्रौढ बाई आमच्या पाया पडल्या. नाव सांगताच ओळख पटली. कुशल विचारून झाल्यावर हसत म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही पुढच्या वर्षी म्हणाला होता.” त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांस काही उत्तर तरी सुचले असते.

त्यांच्या पिताजींस जाऊन भेटणे, गावातील एखाद्या माउलीस सोबत घेणे, एवढे साधे काम होते. व्हेराबाईंना कार्ल्सबादला ज्यांनी बोलाविले त्यांना तरी थट्टा सोसावी लागली. आम्हांस तर काहीच सोसावे लागणार नव्हते, फक्त थोडे कष्ट घ्यावे लागले असते. ती मुलगी कदाचित् पहिल्या फेरीत हरलीही असती. परंतु हरण्याचा तिचा अधिकार आम्ही काढून घेतला, आणि तो घेतल्यावर जिंकण्याचा अधिकार कोठून उरणार?

आपल्या वार्षिक संमेलनात मुलग्यांसाठी बुद्धिबळाची आणि मुलींसाठी रांगोळीची स्पर्धा ठेवण्याचा प्रघात फार दिवसांचा आहे. त्या यादीवर आमचीही सही अनेकदा झाली आहे, म्हणून दोष देतो तो स्वतःस धरूनच. रांगोळी ही थोर कला आहे, ती मुलग्यांनीही काढावी. आमची कार्यकारी मंडळास एवढीच नम्र विनंती आहे, की पुढील संमेलनात बुद्धिबळाच्या प्रवेशपत्रावरून ‘फक्त मुलांसाठी’ हे शब्द काढून टाकावेत आणि सर्वांस एकाच पटावर बसवावे. मुली पहिल्या वर्षी हरतील, कदाचित् दुसऱ्याही वर्षी हरतील. त्याने कोणी खचून जाऊ नये. सतरा डाव हरलेल्या बाईच्या नावाचा करंडक आपल्या देशातील मुलींनी जिंकून आणला आहे.

स्पर्धेसाठी लागतील तेवढे पट व मोहरे देण्याचे आम्ही पत्करतो. ज्या मुलीस परगावी स्पर्धेस जावयाचे असेल आणि सोबत नसेल, तिने आम्हांस व आमच्या कुटुंबास हाक मारावी. आम्ही उभयता सेवानिवृत्त आहोत, मोकळे आहोत, आणि एस.टी.चा प्रवास अजून झेपतो. आमच्या नातीने आपले नाव आधीच दिले आहे.